उद्याची खात्री नाही, मग मुलांना शिकवावे तरी काय?



रविवारची वंदना आटोपते, त्रिसरण-पंचशील होते, आणि विहारातील सतरंज्या गुंडाळता गुंडाळता कोणी तरी बाप किंवा आई जवळ येऊन हळूच विचारते, ''पोराला काय शिकवलं म्हणजे त्याचं नक्की होईल?'' ज्या कुटुंबांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे, ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्याकडून तर हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न विचारणाऱ्याला कोणी हसू नये. ज्याने दुसऱ्याच्या बांधावर राबून किंवा नाक्यावर उभे राहून दिवस काढले, त्याला आपल्या लेकराच्या पायाखाली घट्ट जमीन हवी असते, यात चूक ती काय?

परंतु त्या प्रश्नातील 'नक्की' या शब्दापाशी मी आज आपणांस थोडे थांबवू इच्छितो.

'नक्की' भविष्य आपल्याला एकदा मिळालेले होते, बंधूंनो! गावकुसाबाहेरच्या महाराच्या घरी पोर जन्मले, की त्याच्या पुढल्या साठ वर्षांत काय होणार हे सगळ्या गावाला ठाऊक असे. येसकरपाळी कधी येणार, मेलेले ढोर कोणी ओढायचे, सांगावा घेऊन दुसऱ्या गावी कोणी धावायचे, सरकारी अंमलदार आला तर त्याच्या घोड्यापुढे कोणी पळायचे, हे सारे ठरलेले. मांगाच्या पोराला दोर वळायचा हे ठरलेले, चांभाराच्या पोराला कातडे शिवायचे हेही ठरलेले. त्या बदल्यात वतनाचा तुकडा आणि बलुते. बेकार राहण्याची भीती नाही, कारण कामावरून कोणी काढणारच नाही! अशा खात्रीच्या भविष्याला आपण गुलामगिरी म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनासंबंधी बिल आणले, तेव्हा आपल्यातलीच काही माणसे धास्तावली. वतन गेले तर खायचे काय, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. ते वतन आज कोणाला परत हवे आहे काय?

तेव्हा ही गोष्ट आधी मनाशी पक्की करा, की उद्या काय होईल हे ठाऊक नसणे ही आपल्यावर कोसळलेली आपत्ती नाही. ती आपण मागून घेतलेली मोकळीक आहे. मोकळीक म्हटली की तिच्याबरोबर धोका येतो, हे मात्र खरे.

याची साक्ष आपल्या दीक्षेतच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांना धर्म बदलल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती जाणार याची कल्पना नव्हती असे कोणी समजू नये. सवलती गेल्याच. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाल्यावर राज्याच्या सवलती नवबौद्धांना मिळाल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालच्या कायदादुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. चौतीस वर्षे! 'आधी खात्री द्या, मग दीक्षा घेतो' असे त्या माणसांनी म्हटले असते, तर आज आपण कोणत्या देवळाच्या पायरीशी उभे असतो? त्यांच्यापाशी जमीन नव्हती, पैसा नव्हता, पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती, आणि तरी त्यांनी अनिश्चित वाट धरली. त्यांची नातवंडे असलेल्या किंवा त्यांच्यामागून या वाटेला लागलेल्या आपण पोराच्या शिक्षणाची गोष्ट निघाली की एवढे का भ्यावे?

आता कोणी म्हणेल, हे भाषणाला ठीक आहे, भाकरीचे काय? भाकरीची थट्टा भगवान बुद्धाने कधी केली नाही. आळवी गावी एक गरीब मनुष्य हरवलेला बैल शोधून दमूनभागून धम्म ऐकायला आला, तेव्हा तथागतांनी उपदेश थांबवून आधी त्याला जेवू घालायला सांगितले, अशी कथा आहे. सिगालोवाद सुत्तात आईबापांची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत मुलाला वाईटापासून आवरणे आणि चांगल्याकडे वळवणे यांच्या बरोबरीने त्याला एखादे सिप्प, म्हणजे पोटाचे कसब शिकवणे हेही एक आहे. परित्राणपाठाच्या वेळी आपण जे महामंगल सुत्त ऐकतो, त्यातही बहुश्रुतपणा, कसब आणि विनय एकत्रच येतात. पोटाची विद्या ही धम्माच्या बाहेरची गोष्ट नव्हे. प्रश्न एवढाच, की जे कसब आज पोट भरते ते उद्या भरीलच का?

मुंबईच्या गिरण्यांकडे पाहा. गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी बरी मिळे. पण तिथे अस्पृश्याला मज्जाव होता. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपल्या माणसांनी कमी मजुरीच्या खात्यांत राबायचे. १९२८च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे खडसावून मांडला. भेद करणारे ते पुढारी भांडवलशाहीविरुद्ध मात्र तासन्‌तास बोलत असत, हे जाता जाता सांगितले पाहिजे. असो. त्या खात्यात शिरायला आपल्या माणसांना किती झगडावे लागले! आणि मग १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना परत जायला गिरणीच उरली नाही. गिरणगावात ज्या जागी भोंगे वाजत, तिथे आज काचेच्या इमारती आणि बाजार आहेत. ज्या कसबासाठी दार ठोठावले, ते कसबच जागचे नाहीसे झाले.

गिरणीच कशाला? चाळीस शब्द मिनिटाला टंकलेखन येते म्हणून कचेरीत चिकटलेले कितीतरी लोक आपल्या वस्त्यांत होते. छापखान्यात खिळे जुळवणारे होते. तारखात्यातल्या माणसाला तर गावात केवढा मान! ती तारसेवा २०१३ साली बंद झाली. सरकारी आणि निमसरकारी कामांत कंत्राटी पद्धत आली; जिथे कायम जागाच नाही, तिथे राखीव जागा कुठून येणार? आणि आता संगणकावर अशी यंत्रे आली आहेत, की ती अर्ज लिहितात, हिशेब करतात, भाषांतर करतात, मुलाच्या गृहपाठाची उत्तरेही क्षणात देतात. आज पाचवीत असलेले पोर पंचवीस वर्षांचे होईल तेव्हा कोणता धंदा जिवंत असेल, हे सांगणारा माणूस एक तर ज्योतिषी असेल नाही तर क्लासवाला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी ज्योतिष्यावर तर विश्वास ठेवूच नये, आणि दुसऱ्यावर ठेवण्यापूर्वी चार घरी चौकशी करावी.

हे संकट बाबासाहेबांना फार आधी दिसले होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण प्रत्यक्षात न झालेले जे भाषण १९३६ साली त्यांनी छापून काढले, त्यात जातिव्यवस्थेवर त्यांचा एक आक्षेप आर्थिक आहे, आणि आपले लोक तो वाचताना बहुधा भरभर पुढे जातात. उद्योगधंदा कधी स्थिर नसतो, त्यात एकाएकी बदल होतात. तेव्हा माणसाला एक काम सोडून दुसरे धरण्याची मोकळीक हवी. जात ती मोकळीक देत नाही, म्हणून ती बेकारी वाढवते, असा त्यांचा मुद्दा. आता हाच मुद्दा आपल्या घराला लावून पाहा. मुलाला आपण एकाच नोकरीच्या साच्यात घातले, त्या साच्याबाहेर त्याला काहीच येऊ दिले नाही, आणि तो साचा मोडला, तर आपण त्याला जन्माची नसली तरी अभ्यासक्रमाची एक जात चिकटवली असे होत नाही काय?

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतून फिरून या. खेड्यातून आलेली, बापाने उसनवारी करून पाठवलेली मुले स्पर्धापरीक्षेच्या एका जागेसाठी पाच-पाच, सात-सात वर्षे तिथे बसलेली आढळतील. परीक्षेला बसू नका असे मी म्हणत नाही. शासनात आपली माणसे असलीच पाहिजेत. मोक्याच्या जागा काबीज करा, हा तर बाबासाहेबांचाच आदेश. पण किती वर्षे बसायचे, हे पहिल्याच वर्षी घरात बसून ठरवावे, आणि त्या वर्षांत मुलाने दुसरेही काही हाती धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी 'मला दुसरे काहीच येत नाही' म्हणून रडणारा हुशार मुलगा पाहिला, की त्याच्यापेक्षा त्याला एकाच खुंट्याला बांधणाऱ्यांचा राग येतो.

मग शिकवावे काय? विनयपिटकात जीवकाची कथा आहे. राजगृहातील एका गणिकेच्या पोटी तो जन्मला, आणि जन्मताच त्याला सुपात घालून उकिरड्यावर टाकण्यात आले. कावळे जमलेले पाहून अभय राजकुमाराने त्याला उचलून आणले आणि वाढवले. पोर जाणते झाले, आपल्याला आई-बाप ठाऊक नाहीत हे त्याला कळले, तेव्हा त्याच्या मनात जो विचार आला तो आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावा असा आहे: राजवाड्यात कसबाशिवाय टिकणे कठीण. आज आसरा आहे, उद्याचे कोणी सांगावे? कोणाची परवानगी न घेता तो तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला.

त्याची परीक्षा कशी झाली, ते पाहा. आचार्यांनी पाठांतर विचारले नाही. कुदळ हाती दिली आणि सांगितले, तक्षशिलेभोवती एक योजन फीर, आणि औषध नसलेले जे काही दिसेल ते घेऊन ये. जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषध नाही असे मला काहीच दिसले नाही, असे तो म्हणाला. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण झाले. त्यांनी वाटखर्चाला थोडेसे दिले आणि त्याला निरोप दिला.

ती शिदोरी साकेतला पोचेपर्यंत संपली. इथे कथेचा खरा भाग सुरू होतो असे मला वाटते. गुरू मागे राहिला, वाडा अजून दूर, खिशात काही नाही, ओळखीचे कोणी नाही. गावात त्याने चौकशी केली, आजारी कोण आहे? एका श्रेष्ठीची बायको सात वर्षे डोकेदुखीने हैराण होती. मोठमोठे वैद्य पैसे घेऊन गेले आणि गुण आला नाही. जीवकाने सांगितले, आधी काही देऊ नका, बऱ्या झालात तर काय द्यायचे ते द्या. तिला तुपातले औषध नाकातून दिले आणि ती बरी झाली. मिळालेले सोळा हजार कार्षापण घेऊन तो राजगृहाला आला आणि ते सारे त्याने अभयाच्या पुढे ठेवले, वाढवल्याची फेड म्हणून. अभयाने ते घेतले नाहीत, ही त्याची थोरवी.

आधुनिक शिक्षण म्हणजे काय, हे यापेक्षा वेगळे मला सांगता येणार नाही. दिसलेली वस्तू पारखता येणे, आणि अनोळखी गावात 'इथे कोणाला काय दुखते आहे' असे विचारता येणे. गाईडातली वीस प्रश्नांची उत्तरे घोकून ऐंशी टक्के मिळवलेल्या मुलाला साकेतमध्ये सोडा, तो काय करील? पोथी गेली आणि तिच्या जागी गाईड आले, एवढाच बदल झाला असेल, तर ती आधुनिकता नव्हे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका. हिताचे की अहिताचे हे स्वतः पारखा. आज त्यात मी एवढेच म्हणेन, की मोबाईलवर आले म्हणूनही मानू नका. यंत्राने दिलेले उत्तर चूक असेल तर ती चूक मुलाला दिसली पाहिजे. ती दिसायला त्याचे गणित पक्के हवे, मराठी वाचून नीट समजायला हवी, इंग्रजीची भीती जायला हवी. ही तीन ज्याला आली, तो पुढचे कोणतेही कसब उभ्या आयुष्यात केव्हाही शिकू शकतो. नदी पार झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन कोणी चालत नाही. पण पुढल्या नदीशी नवा तराफा बांधता आला पाहिजे ना?

बाबासाहेबांचेच पाहा. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही म्हणून ते फारसी शिकले. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे मिळेल ते शिकले. त्या वेळी या देशाची घटना समिती ही वस्तूच अस्तित्वात नव्हती. बडोद्याची नोकरी १९१७ साली अपमानामुळे सोडावी लागली, तेव्हा 'माझे नक्की झाले होते ते मोडले' असे म्हणून ते बसले नाहीत. ते प्राध्यापक झाले, पुन्हा लंडनला गेले, बॅरिस्टर झाले, संपादक झाले, आणि उतारवयात पाली घेऊन बसले. कोणत्या क्लासने त्यांना घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होण्याची तयारी करून दिली होती?

हाताच्या कामाबद्दलही एक शब्द. जातीने लादलेली कामे आपण टाकली, ते उत्तम झाले. पण त्या रागात आपण हातात अवजार धरण्याचाच तिटकारा करू लागलो आहोत. आयटीआयमध्ये वीजतंत्री होणाऱ्या मुलाला घरी मान खाली घालावी लागते, आणि तिसऱ्या वर्गात पदवी मिळवून बेकार फिरणारा मात्र 'साहेब होणार' असतो! जन्माने लादलेले ते जातीचे काम. स्वतः निवडलेले, शास्त्र समजून केलेले आणि उद्या सोडता येणारे ते कसब. हा फरक मुलांना नीट सांगावा.

येथवर मी जे बोललो ते कोणताही सुधारक बोलेल. बौद्धाने आणखी एक पाऊल टाकायला हवे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी विद्या सर्वांना खुली हवी असे सांगितले, पण नुसती विद्या पुरेशी नाही, प्रज्ञा हवी. नुसती प्रज्ञाही पुरेशी नाही, तिच्याबरोबर शील हवे. आणि त्यापुढे करुणा आणि मैत्री हवी, असा चढता क्रम लावला आहे. हा क्रम त्यांनी उगाच लावलेला नाही. १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी मला दगा दिला असे सांगताना त्यांना भरून आले होते. का दिला दगा? ती माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. ती भ्यालेली होती. जे मिळाले ते सुटेल, या भयाने मुठी आवळल्या जातात. उद्याची खात्री जितकी कमी, तितकी ही भीती जास्त. म्हणून येणाऱ्या काळात शिकलेला माणूस आडनाव बदलून, वस्तीकडे पाठ फिरवून, आपल्यापुरते कुंपण घालून बसण्याचा संभव कमी न होता वाढणार आहे. मुलाला सगळी शास्त्रे शिकवली आणि हे भय तेवढे काढायचे राहिले, तर आपण आणखी एक दगाबाज तयार केला असे होईल. ते भय नोकरीने जात नाही. नोकरी मिळाल्यावर ते वाढतेच, हे आपण सारे घरोघर पाहतो. सगळे बदलणारे आहे हे ज्याला लहानपणीच शांतपणे सांगितले गेले, नापास होऊन आला त्या दिवशीही ज्याला घरात नेहमीसारखे ताट मिळाले, आणि ज्याने वस्तीतल्या दोन लहान पोरांना आपल्या हाताने अक्षरे शिकवली, त्याचे ते जाते. निदान कमी होते.

गेल्या वर्षावासात एक बाई विहारात मला म्हणाली, ''मला तर सही येते तेवढीच. घरकामाला जाते. मी पोरीची काय तयारी करून घेणार?'' तिची मुलगी नववीत आहे. मी तिला सांगितले, रोज रात्री पोरीला विचारायचे, आज काय शिकलीस? आणि तुम्हाला समजेपर्यंत तिला सांगायला लावायचे. तुम्हाला समजले नाही तर 'आईला कळत नाही' असे म्हणून तिला सुटू द्यायचे नाही. तिलाच अजून पुरते कळलेले नाही असे धरायचे. दीड महिन्याने ती बाई भेटली तेव्हा हसत होती. मुलगी म्हणे चिडते. पाण्याची वाफ का होते हे आईला सांगता सांगता अडली, पाय आपटत उठली, आणि पुस्तक काढून तासभर वाचत बसली. ''आता मी भांडी घासताना तीच येऊन सांगते,'' बाई म्हणाली, ''आणि परवा मला उलट विचारलं, आये, तू ज्यांच्याकडे जातेस त्यांचं कुकर शिट्टी का मारतं, सांग बघू. मला सांगता आलं की!''